रोजची जास्वंद, हंगामाचा मोगरा

मोगरा आणि जास्वंद शेजारी लावावीत का, असं कुणी विचारलं तर मी म्हणते, खुशाल लावा. फक्त झारी एकदा तिरकी केली की दोघांना सारखंच पाणी मिळेल, इतकी जवळ लावू नका. दोघं झुडुपं, दोघांची पानं गर्द हिरवी, दोघांना ऊन हवं आणि कडाक्याची थंडी नको. बागकामाच्या माहितीत दोघांपुढे बहुतेक एकच ओळ लिहिलेली असते: भरपूर ऊन, निचऱ्याची माती, नियमित पाणी. ओळ खोटी नाही. पण तेवढ्या ओळीवर दोघांना वाढवलं तर जास्वंद फुलते आणि मोगरा नुसताच वाढतो. हिरवागार, तजेलदार, हात-हात लांब फांद्या सोडणारा आणि कळीचं नाव नसलेला मोगरा ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्या झाडाला काही कमी पडलेलं नसतं. बहुतेक वेळा जरा जास्तच मिळालेलं असतं.

जास्वंद रोजंदारीवर जगते आणि मोगरा सालदारीवर. आज दिलं ते जास्वंद आज-उद्याकडे वापरून टाकते. मोगऱ्याचा हिशेब वर्षाचा असतो. त्यात काही महिने देण्याचे, काही महिने हात आखडता घेण्याचे. दोघांच्या निगेतला बाकी सगळा फरक मला यातूनच निघालेला दिसतो.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी पाकळ्या आवळून घेतं आणि मग देठासकट गळून पडतं. नव्या संकरित जातींतली काही फुलं दोन-तीन दिवस तग धरतात, पण साधी लाल जास्वंद आपला नियम सहसा मोडत नाही. गंमत म्हणजे एकदा उमलल्यावर त्या दिवसापुरती तिला झाडाचीही गरज उरत नाही. सकाळचं ताजं फूल तोडून कोरड्या ताटलीत ठेवा, दुसरं पाण्यात ठेवा. दोन्ही दिवसभर तशीच राहतात आणि संध्याकाळी जवळपास एकाच सुमाराला मिटतात. पाण्यातल्या फुलाला पाण्याचा काही फायदा झालेला नसतो.

झाडाला मात्र त्या फुलाचा खर्च आलेला असतो. तळहाताएवढ्या पाच पाकळ्या, मधोमध पुंकेसरांची जोडून झालेली लांब नळी, त्या नळीच्या आतून आरपार जाऊन टोकाशी उमटलेले स्त्रीकेसराचे पाच मखमली ठिपके. हे सगळं उभारायचं, एक दिवस मिरवायचं आणि फेकून द्यायचं, आणि हे पुन्हा पुन्हा, उबदार हवेत जवळजवळ वर्षभर. (दुहेरी जास्वंदीत मधली गर्दी दिसते ते बहुतांशी पाकळ्या झालेले पुंकेसरच असतात. नीट पाहिलं तर काही पाकळ्यांच्या कडेला अजून परागाची पिवळी बोंडं चिकटलेली सापडतात.) असं उधळं झाड रोज खाणार-पिणार नाही तर काय करणार? जास्वंदीला पाणी फार लागतं, खत फार लागतं, अशी तक्रार मी ऐकते तेव्हा मला त्या झाडाची बाजू घ्यावीशी वाटते.

मोगऱ्याचं एकेक फूलही अल्पायुषीच. कळी दिवसभर घट्ट मिटलेली असते, संध्याकाळी सैल होते, रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत तिच्या शुभ्रपणावर मळकट गुलाबी झाक येऊ लागते. पण मोगरा अशी एकेक फुलं रोज वाटून देत नाही. त्याला बहर येतो. हवा तापायला लागली की शेंड्याशेंड्यांवर कळ्यांचे झुपके धरतात, काही दिवस झाड पांढरं होतं, मग थांबतं, पुन्हा फुटतं, पुन्हा बहरतं, आणि थंडीत तर जवळजवळ गप्प बसतं. हे गप्प बसणं आपल्याला सहन होत नाही. काहीतरी बिघडलंय असं समजून आपण त्या दिवसांत खत घालतो, पाणी वाढवतो. तिथेच पुढच्या उन्हाळ्याचा निकाल लागतो.

दोघांची नाती पाहिली तर ती एकमेकांच्या जवळपासही नाहीत. जास्वंद कापूस आणि भेंडीच्या कुळातली. भेंडीचं फिकट पिवळं फूल हातात घेऊन बघा, तीच पुंकेसरांची नळी तिथेही दिसेल. मोगरा ऑलिव्हच्या कुळातला. त्याच्या फुलात पुंकेसर जेमतेम दोन, तेही नळीच्या आत लपलेले. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली एकाच ग्रंथात दोघांची नावं नोंदवली. जास्वंदीला त्याने चिनी गुलाब ठरवलं, जरी तिचा गुलाबाशी काही संबंध नाही, आणि मोगऱ्याला नेऊन प्राजक्ताच्या प्रजातीत बसवलं. मोगऱ्याची ती चूक 1789 साली एटन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दुरुस्त केली आणि त्याला जाई-जुईच्या घरात आणलं. त्या घरातही तो थोडा वेगळाच दिसतो. जाईचं पान अनेक पर्णिकांचं मिळून झालेलं असतं. मोगऱ्याचं पान अखंड, एकटं, आणि देठावर समोरासमोर जोडीने किंवा तिघातिघांच्या वेढ्यात येणारं. ही समोरासमोरची जोडी लक्षात ठेवा. छाटणीच्या वेळी तिचा उपयोग आहे.

रंग आणि वास यांची वाटणीही उघड आहे. जास्वंद भडक लाल आणि जवळपास निर्गंध, कारण तिचं आमंत्रण पक्ष्यांना. पक्ष्यांना लाल रंग लांबून दिसतो, वासाशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. मोगरा पांढरा आणि रात्री घमघमणारा, म्हणजे पतंगांसाठी. अंधारात रंगाचा काय उपयोग? पण मला यातली पुढची गोष्ट जास्त विचित्र वाटते. ही दोन्ही आमंत्रणं आता जवळजवळ वाया जातात. बागेतला मोगरा क्वचितच बी धरतो. बटमोगऱ्यासारख्या गच्च भरलेल्या फुलांत तर पतंगाला शिरायला वाटच नसते. साधी लाल जास्वंदही सहसा बी धरत नाही, आणि ही जास्वंद आज आपल्याला माहीत आहे ती बागेतलीच. रानात आपोआप उगवलेली तिची वस्ती कुणी दाखवत नाही. दोघांची पुढची पिढी माणूस फांदीवरून तयार करतो. पक्ष्यासाठी घडलेला रंग आणि पतंगासाठी घडलेला वास, दोन्हींवर भाळलो आपण, आणि झाडांचं त्यावाचून काही अडलं नाही. उलट जगभर पोचली. 1934 साली फिलिपिन्सने मोगऱ्याला राष्ट्रफूल केलं, 1960 साली मलेशियाने जास्वंदीला.

मोगऱ्याच्या वासात बेन्झिल ॲसिटेट आणि लिनालूल असतात, त्यांनी तो गोड आणि ताजा होतो. आणि थोडंसं इंडोल असतं. इंडोल एकटं, दाट स्वरूपात हुंगलं तर चक्क दुर्गंधीच. त्या चिमूटभर इंडोलमुळेच मोगऱ्याच्या वासाला खोली आहे, नाहीतर तो साबणाचा वास झाला असता. शिवाय तोडलेली कळीही आपलं काम थांबवत नाही. पहाटे खुडलेली मिटलेली कळी संध्याकाळी हातातसुद्धा उमलते आणि गंध तयार करत राहते. जाईच्या फुलांचंही तसंच. म्हणून फ्रान्समधल्या ग्रास गावात पूर्वी अत्तरासाठी ती फुलं उकळत नसत. चरबीचा थर दिलेल्या काचांवर पसरून ठेवत आणि फुलं सोडतील तितका गंध चरबीला पिऊ देत. म्हणजे तोडल्यावर न सुकण्याची जादू जास्वंदीकडे, तोडल्यावर गंधाळत राहण्याची मोगऱ्याकडे. फुलं न तोडण्याचा माझा आग्रह त्यामुळे या दोघांपुरता तरी सैल आहे.

आता पाणी. इथे दोघांचे स्वभाव अगदी उघडे पडतात.

जास्वंदीची पानं रुंद आणि पातळ. उन्हात त्यांच्यातून पाणी भराभर उडतं. पाणी कमी पडलं की ती लगेच सांगते. पानं लोंबतात, कोवळे शेंडे मान टाकतात. पाणी घाला, तासा-दोन तासांत पुन्हा उभी. इतकं सरळ बोलणारं झाड विरळा. पण तिचं बोलणंही एकदा उलटतपासणी करून घ्यावं. भर दुपारी माती ओली असतानाही ती मलूल दिसते, कारण पानांतून जाणाऱ्या पाण्याचा वेग मुळांना गाठता येत नाही. अशी मरगळ संध्याकाळी आपोआप जाते आणि तिला पाण्याची गरज नसते. माती ओली आहे आणि सकाळीही पानं खालीच आहेत, तर मात्र मुळं कुजायला लागली आहेत. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे तिला बुडवणं. ओळखायला एकच साधन, आपलं बोट. दोन पेरं मातीत घालायचं. वाफसा असेल तर झारी परत ठेवायची.

जास्वंदीला कोरडं चालत नाही आणि चिखलही चालत नाही. तिला ओलावा एकसारखा हवा. एक दिवस सुकवायचं आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून कुंडी तुंबवायची, हा प्रकार तिला मानवत नाही. त्याची शिक्षा ती कळ्या टाकून देते. टपोऱ्या, उद्या उमलणार अशा कळ्या सकाळी खाली पडलेल्या दिसतात. जागा बदलली, अचानक ऊन वाढलं किंवा एकदम थंड वारा लागला तरी हेच. तिच्याबाबतीत सर्वांत मोठं खत म्हणजे सातत्य, असं माझं मत आहे. हौशीने आठवड्यातून एकदा खूप लाड करणाऱ्यापेक्षा रोज दोन मिनिटं देणारा माळी तिला बरा.

मोगऱ्याची भाषा संथ. तो सहजासहजी मान टाकत नाही, पानं जरा चिवट असतात. त्याचं दुखणं पानावर दिसेपर्यंत ते बरंच जुनं झालेलं असतं. वाढीच्या आणि बहराच्या दिवसांत त्यालाही भरपूर पाणी लागतं, याबाबत गैरसमज नको. फुलाच्या ऐन हंगामात तहानलेल्या मोगऱ्याच्या कळ्या बारीक राहतात. पण दोन पाण्यांच्या मधे मातीचा वरचा थर कोरडा होऊ द्यावा. आणि थंडीच्या दिवसांत त्याला ताण द्यावा, म्हणजे मरू न देता तहानलेलं ठेवावं. पाणी तोडत आणायचं, खत बंद. काही पानं पिवळी होऊन गळतील, झाड केविलवाणं दिसेल. दिसू द्यावं. मोगऱ्याची शेती करणारे तर पाणी तोडून, छाटणी करून, उरलीसुरली पानंही ओरबाडून टाकतात आणि मगच खत-पाणी देऊन झाडाला उठवतात. कुंडीत इतकं निष्ठुर व्हायची गरज नाही, पण तत्त्व तेच. विश्रांती नीट झाली तर जाग नीट येते.

मला स्वतःला हा ताण देणं जड जातं. झाडाला पाणी घालणं हे सुखाचं काम आहे, न घालणं हे कामच वाटत नाही. हातात झारी असताना एका कुंडीवरून पुढे जायचं, हे मोगऱ्याच्या निगेतलं सगळ्यात अवघड कौशल्य. जास्वंद सांभाळणाऱ्याला ते कधी लागतच नाही.

छाटणीकडे येऊ. दोघंही नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे दोघांना कात्री लागते. इथवर पुन्हा सारखंच. पण कात्री कशी लावायची, ते झाडाच्या बांधणीवर ठरतं.

मोगऱ्याची कळी फांदीच्या शेंड्याला येते. त्या शेंड्याचं फूल संपलं की ती फांदी तिथे संपली. पुढे फुलायचं तर नवा शेंडा हवा. पानं समोरासमोर असतात, प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे नवी फूट येण्याची जागा, असतो. म्हणून फुलून गेलेला शेंडा एका पानजोडीच्या वर कापला की त्या जोडीतून दोन धुमारे निघतात. दोन धुमारे म्हणजे दोन शेंडे आणि कळ्यांचे दोन झुपके. त्यांनाही फुलून गेल्यावर कापा, चार होतील. मोगऱ्याला फुलवण्याचं गणित एवढंच आहे आणि ते कात्रीने सुटतं, बाटलीतल्या टॉनिकने नाही. थंडी ओसरता ओसरता एकदा मोठी छाटणी करावी, झाड हातभर उंचीवर आणावं, वाळक्या आणि एकमेकींवर चढलेल्या फांद्या काढाव्यात. मग प्रत्येक बहरानंतर ही छोटी शेंडेखुडणी. जी लांबलचक, वेलीसारखी फांदी कळीविना पळत सुटलेली दिसते तिचा तर अजिबात मोह धरू नये.

जास्वंदीची पानं एकाआड एक. कळी शेंड्याजवळच्या पानांच्या बगलेत येते, आणि फांदी वाढत असते तोवर पुढच्या बगलेत पुढची कळी, असा क्रम चालू राहतो. म्हणजे फुलणं आणि वाढणं एकाच वेळी. अशा झाडाला मोगऱ्यासारखं सपासप कापलं तर चालू असलेली सगळी मिळकत एका झटक्यात बंद. नव्या फुटीवर फुलं यायला मग दोन-तीन महिनेही लागू शकतात. म्हणून जास्वंदीची छाटणी हप्त्यांत करावी. आज काही उंच फांद्या, काही आठवड्यांनी दुसऱ्या, तोवर उरलेल्यांवर फुलं चालूच. काप बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर द्यावा, कारण नवी फांदी साधारण त्याच दिशेला जाते. अशाने झुडूप आतून मोकळं राहतं, हवा खेळते आणि कीड कमी होते. जास्वंद कधीच छाटायची नाही असं मानणारेही आहेत. त्यांच्या जास्वंदी उंच, पायाशी उघड्या आणि फुलं हाताला न येणारी असतात.

खताबद्दल मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. 'फुलांसाठी' म्हणून विकली जाणारी, फॉस्फरस भरभक्कम असलेली खतं जास्वंदीला घालू नका. फुलं म्हणजे फॉस्फरस ही समजूत फार रुजलीय, पण जास्वंदीला लागतो तो मुख्यतः नत्र आणि पोटॅश. फॉस्फरस अगदी थोडा पुरतो. जास्त झालेला फॉस्फरस मातीत साचत जातो आणि लोह, जस्त यांच्या वाटेत आडवा येतो. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि ते पाहून माणूस आणखी खत घालतो. पाणी क्षारयुक्त असेल आणि माती अल्कधर्मी होत गेली असेल तरी हीच लक्षणं दिसतात. दोघांनाही माती किंचित आम्ल लागते, सामू (pH) साधारण 6 ते 6.5. त्या बाबतीत मोगराही नाजूकच. त्याच्याही पिवळ्या कोवळ्या पानांचं कारण पुष्कळदा लोह न मिळणं हेच असतं. खालची एखाद-दोन जुनी पानं अधूनमधून पूर्ण पिवळी होऊन गळत असतील तर मात्र दोघांच्याही बाबतीत घाबरू नये. त्यांचं वय झालेलं असतं.

देण्याची रीत स्वभावानुसार. जास्वंदीला थोडं थोडं, पण वारंवार: पातळ केलेलं खत, शेणखताची किंवा गांडूळखताची मूठभर भर. मोगऱ्याला छाटणीनंतर एकदा चांगलं भरपेट, मग बहरांच्या मधे हलकं. हंगाम संपत आल्यावर नत्र देत राहिलं तर तो ऐन विश्रांतीच्या तोंडावर कोवळी पालवी काढतो, आणि लेखाच्या सुरुवातीला म्हटलं तसा हिरवागार रिकामा राहतो. ऊनही त्याला जास्त लागतं. अर्ध्या सावलीत जास्वंद कमी का होईना पण फुलते. मोगरा दिवसातले पाच-सहा तास थेट ऊन मिळाल्याशिवाय मनावर घेत नाही.

किडींमध्ये जास्वंद बिचारी सगळ्यांचीच आवडती. मावा, पांढरी माशी आणि मुख्य म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसाचे बारीक बोळे चिकटल्यासारखे दिसतात ते. शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांशी, पानांच्या बगलांत. त्यांच्यातली गुलाबी जात तर रस शोषताना लाळेतून असं काही सोडते की शेंडे वेडेवाकडे आखडून जातात, पानांचा गुच्छ होतो. 1994 साली ही जात कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर आढळली आणि तिने तिथल्या जास्वंदींचीच नव्हे, मोठ्या झाडांचीही दैना केली. अंगावर मेणाचं आवरण असलेल्या त्या किडीपुढे फवारण्या अपुऱ्या पडल्या. अखेर अनागायरस कमाली नावाची चिमुकली गांधीलमाशी आणि क्रिप्टोलिमस नावाचा लेडीबर्ड भुंगेरा सोडल्यावर ती आटोक्यात आली. या भुंगेऱ्याची अळी गंमतीशीर असते. तीसुद्धा पांढऱ्या मेणाच्या झालरी अंगावर घेऊन फिरते आणि अगदी पिठ्या ढेकणासारखी दिसते. म्हणून कुठलाही पांढरा कापूस दिसला की चिरडण्याआधी जरा थांबा. तो कापूस लगबगीने चालत असेल आणि बाकीच्या कापसांहून मोठा असेल तर तो आपल्या बाजूचा असू शकतो.

कुंडीपुरता उपाय साधा. पाण्याचा जोरदार फवारा, साबणाचं पातळ पाणी, कडुनिंबाचं तेल संध्याकाळच्या वेळी. फार झालेला शेंडा सरळ कापून टाकायचा. आणि खोडावरची मुंग्यांची रांग मोडायची. पिठ्या ढेकूण जो चिकट गोड पाझर सोडतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. त्या पाझरावरच पुढे काळी बुरशी चढते. मुंग्यांवर राग न धरता त्यांना सूचना समजावं. जास्वंदीवर मुंग्यांची ये-जा वाढली की मी पानं उलटून पाहते, आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच.

मोगऱ्याला कीड कमी, पण जी लागते ती नेमकी वर्मावर. कळी पोखरणारी अळी भोक पाडून आत शिरते, एका झुपक्यातल्या कळ्या रेशमाने एकमेकींना बांधून टाकते. असा झुपका वाट न बघता खुडून नष्ट करावा. तापलेल्या कोरड्या हवेत लाल कोळीही येतात. पानं वरून फिकट ठिपक्यांची आणि खालून धुळकट दिसायला लागली की पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी.

एक शत्रू मात्र दोघांचा एकच आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. डासापेक्षाही लहान अशी एक कळीमाशी, काँटॅरिनिया माक्युलिपेनिस. ती जास्वंदीच्याही कळ्यांत अंडी घालते आणि मोगऱ्याच्याही. आतल्या पांढुरक्या अळ्या कळीचा रस पितात, कळी न उमलता पिवळी पडून गळते, अळ्या तिच्यातून निघून मातीत शिरतात, कोश करतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या माश्या बाहेर. जास्वंदीच्या गळणाऱ्या कळ्यांबद्दल वर मी पाण्याला आणि हवेला दोष दिला, तो बहुतेक वेळा खरा असतो. पण पाणी-ऊन सगळं सांभाळूनही गळ थांबत नसेल तर एक पडलेली कळी उभी चिरून पाहा. आत वळवळ दिसली तर औषधापेक्षा झाडू कामाचा. पडलेल्या कळ्या रोज उचलायच्या, फांदीवरच्या पिवळसर कळ्याही काढायच्या, सगळ्या पिशवीत बंद करून टाकायच्या. कंपोस्टात अजिबात नाही. मातीतला दुवा तुटला की साखळी संपते. आणि जास्वंदीखालच्या उचलून मोगऱ्याखालच्या तशाच ठेवल्या तर काही उपयोग नाही, एवढं दोघांना शेजारी लावणाऱ्याने लक्षात ठेवावं.

थंड प्रदेशात दोघांनाही कुंडीतच ठेवावं लागतं. तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली रेंगाळलं की जास्वंदीची पानं पिवळी पडू लागतात, दहिवर गोठलं तर ती तग धरत नाही. आत आणल्यावर तिला सगळ्यात उजेडाची खिडकी द्यावी. मोगऱ्याला उजेडाची पण थोडी गार, कोरडी जागा चालते, त्याचा तो विश्रांतीचाच काळ. कुंडीच्या आकाराबाबत मोगरा समजूतदार. मुळं जरा दाटीत असली तरी त्याचं बिघडत नाही. जास्वंदीची मुळं कुंडीभर झाली की पाणी वरून घातलेलं खालून लगेच निघून जातं. दर दोनेक वर्षांनी तिची माती बदलावी.

आता लोक हमखास विचारतात ते, दोघांत चांगलं कोणतं. उत्तर मोगरा असं गृहीत धरूनच प्रश्न आलेला असतो. वासाचा हा अन्याय मला जुनाच खटकतो. वर्षातले कितीतरी महिने नुसता पाला दाखवणाऱ्या मोगऱ्याला एका संध्याकाळच्या घमघमाटावर सगळं माफ असतं, आणि वर्षभर रोज उठून फूल देणाऱ्या जास्वंदीला 'हिला वास नाही' एवढंच ऐकवलं जातं. मला विचाराल तर मी जास्वंदीच्या बाजूची. पण माझं हे मत उन्हाळ्यात थोडं डळमळतं, हेही खरं.

नव्याने बाग करणाऱ्याला रोप द्यायचं झालं तर मात्र माझ्या मनात शंका नसते. जास्वंद द्यायची, आणि तीसुद्धा साधी लाल. मोठाल्या दुरंगी फुलांच्या संकरित जाती पुष्कळदा कलमी असतात, कारण त्यांची स्वतःची मुळं कमजोर. त्यांच्या जोडाखालून फुटणारे धुमारे ओळखून काढता येईपर्यंत त्या न घेतलेल्या बऱ्या. साध्या जास्वंदीची पेन्सिलीएवढी, ना कोवळी ना जून अशी फांदी घ्यायची, फुलं-कळ्या काढून टाकायच्या, वरची दोन पानं ठेवून तीही अर्धी कापायची आणि ओलसर, निचऱ्याच्या मातीत सावलीला खोचायची. रुजते. पुढे ती रोज काहीतरी सांगत राहते आणि माणूस ऐकायला शिकतो.

मोगरा त्याला वर्षा-दोन वर्षांनी द्यावा, दाब कलम करून. जमिनीलगतची लवचीक फांदी खाली वाकवायची, एका डोळ्याखाली सालीला हलका छेद द्यायचा, तेवढा भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा. शेंडा बाहेर राहू द्यायचा. दगड उचलून मुळं आली का हे बघायचा मोह आवरायचा. शेंड्याला नवी पालवी आली, आणि फांदी हलकेच ओढल्यावर मातीत अडली, की मूळ झाडाकडच्या बाजूने कापायची. देताना एवढंच सांगायचं की पहिल्या उन्हाळ्यात कळी आली नाही तर खत घालू नकोस, कात्री घे.